डीलरने दिलेलं दुरुस्तीचं एस्टिमेट रास्त आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एस्टिमेट हातात आलं की आधी काय बघायचं?

खालची एकूण रक्कम थोडा वेळ बाजूला ठेवा. आधी तीन गोष्टी शोधा: तुम्ही सांगितलेली तक्रार, तपासणीत काय आढळलं आणि त्यावर सुचवलेलं काम. अनेक एस्टिमेटांत पहिली आणि तिसरी असते, मधली गायब असते. 'पुढून खटखट आवाज' अशी तक्रार आणि लगेच खाली 'दोन्ही शॉकअब बदलणे'. आवाज शॉकअबचाच (शॉक ॲब्सॉर्बरचाच) आहे हे कुणी, कसं ठरवलं, ते कुठेच लिहिलेलं नसतं.

दर महाग वाटला तर घासाघीस करता येते. पण निदानच चुकलं असेल तर निम्म्या दरात केलेलं कामही पाण्यात जातं आणि आवाज तसाच राहतो. म्हणून प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न ठेवा: हे काय मोजून ठरवलं? ब्रेकला मिलिमीटर असतात, बॅटरीला व्होल्ट, एसीला ग्रॅम, कूलंटच्या गळतीला दाबाची चाचणी. ज्या ओळीमागे मोजमाप आहे तिच्या दराबद्दल बोलता येतं. जिच्यामागे नाही, तिच्याबद्दल आधी मोजमाप मागायचं.

एस्टिमेटमध्ये काय काय वेगळं लिहिलेलं असलं पाहिजे?

प्रत्येक पार्टचं नाव, पार्ट नंबर, नग आणि दर. प्रत्येक कामाचे लेबर तास आणि तासाचा दर. ग्रीस, क्लीनर, गॅस्केट यांसारखं किरकोळ साहित्य वेगळं. कर वेगळा. शिवाय पार्ट कंपनीचा आहे की दुसऱ्या बनावटीचा, आणि काम व पार्टवर किती महिने किंवा किती किलोमीटरची वॉरंटी आहे, तेही.

'ब्रेकचं काम – एकूण इतके' अशी एकच ओळ असेल तर ते एस्टिमेट तपासताच येत नाही. फोड करून मागा. डीलरच्या संगणकात ही फोड असतेच, छापून द्यायला दोन मिनिटं लागतात.

तेलाच्या ओळीत लिटर बघा. गाडीच्या पुस्तिकेत फिल्टरसह इंजिन ऑइलचं माप दिलेलं असतं. तिथे ३.७ लिटर लिहिलंय आणि एस्टिमेटमध्ये ५ लिटर लावलंय, तर उरलेला १.३ लिटर कुठे जाणार हे विचारा. तेल ड्रममधून मोजून घालत असतील तर मोजलेल्या लिटरचेच पैसे लागायला हवेत. डबा फोडत असतील तर उरलेलं तेल तुमचं.

मेकॅनिकने दीड तासात काम संपवलं, बिल मात्र अडीच तासांचं. ही फसवणूक आहे का?

बहुतेक वेळा नाही. लेबर घड्याळ लावून आकारत नाहीत. प्रत्येक कामाला कंपनीच्या किंवा व्यावसायिक लेबर गाइडमध्ये ठरलेला वेळ असतो आणि त्या वेळेला तासाच्या दराने गुणतात. सराईत हात लवकर मोकळा झाला तरी तास तेच, आणि गंजलेला बोल्ट तुटून त्याला दुप्पट वेळ लागला तरी सहसा तेच.

तेव्हा प्रश्न घड्याळाचा नाही, गाइडचा आहे. 'या कामाला लेबर गाइडमध्ये किती वेळ दिलाय, स्क्रीनवर दाखवाल का?' असं विचारा. अंदाज यावा म्हणून सांगायचं तर पुढचे ब्रेक पॅड साधारण एक तासाचं काम आहे. पॅड आणि डिस्क मिळून दीड-दोन तास. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीचा क्लच बहुतेक चार ते सात तास. मॉडेलप्रमाणे हे बदलतं, पण पुढच्या पॅडना तीन तास लावले असतील तर कारण विचारायलाच हवं.

एकाच मजुरीचे दोनदा पैसे लागलेत का, हे कसं ओळखायचं?

एस्टिमेट फुगण्याची ही सगळ्यात मोठी जागा आहे. बरेचदा त्यात लबाडी नसते. संगणकात दोन कामं वेगवेगळी निवडली की प्रत्येकाचे पूर्ण तास आपोआप लागतात, आणि सामाईक भाग वजा करायचा राहून जातो.

ब्रेकचंच उदाहरण जवळून बघा. पॅड बदलायला चाक काढायचं, कॅलिपरचे (पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचे) बोल्ट सोडायचे, कॅलिपर बाजूला टांगायचा, पॅड काढायचे. डिस्क बदलायची तर हे सगळं करून कॅलिपरच्या ब्रॅकेटचे आणखी दोन बोल्ट आणि डिस्कचा छोटा स्क्रू. म्हणजे डिस्कपर्यंत पोचताना पॅड निघालेलेच असतात. एस्टिमेटमध्ये 'पॅड १.० तास' आणि 'डिस्क १.६ तास' अशा दोन ओळी असतील तर पहिला एक तास दुसऱ्यात आधीच मोजला गेलाय.

हीच गोष्ट आणखी काही जोड्यांमध्ये नेहमी दिसते:

- टायमिंग बेल्ट आणि वॉटर पंप. अनेक इंजिनांत पंप त्याच बेल्टवर फिरतो, त्यामुळे बेल्ट काढल्यावर पंपाला थोडाच जादा वेळ लागतो.
- क्लच, रिलीज बेअरिंग आणि क्रँकचा मागचा ऑइल सील. गिअरबॉक्स एकदाच उतरतो.
- शॉकअब, त्याचं माउंट आणि कॉइल स्प्रिंग. असेंब्ली एकदाच बाहेर येते.
- एकाच बाजूचे लोअर आर्म आणि बॉल जॉइंट.

याची दुसरी बाजूही ध्यानात ठेवा. डीलर 'बेल्टबरोबर वॉटर पंप, टेन्शनर आणि आयडलर बदलू' म्हणतो तेव्हा तो बहुधा योग्यच सांगत असतो. पंप नंतर गळला तर तीच सगळी मजुरी पुन्हा भरावी लागेल. पार्टचे पैसे द्या, मजुरी मात्र एकदाच.

ब्रेक पॅडबरोबर डिस्कही बदला म्हणतात. खरंच गरज असते का?

कधी असते, कधी नसते. हे मोजून सांगता येतं, आणि म्हणून इथे भोंगळ उत्तर घेऊ नका.

नव्या पॅडवर साधारण १० ते १२ मिलिमीटर मटेरियल असतं. ३ मिलिमीटरच्या आसपास आलं की बदलायचं. 'पॅड ७० टक्के झिजलेत' हे मोजमाप नव्हे, मिलिमीटर विचारा. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅडचा आकडा घ्या. आतला पॅड २ आणि बाहेरचा ७ असेल तर दोष पॅडचा नाही. कॅलिपरच्या स्लाइड पिन किंवा पिस्टन अडकतोय. नुसते पॅड घातले तर काही महिन्यांत आतला पॅड पुन्हा घासून जाईल.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, मधल्या टोपीसारख्या भागावर किंवा कडेवर. समजा नवी डिस्क २२ मिलिमीटरची आणि किमान मर्यादा २०. मायक्रोमीटरने २१.४ आली आणि पृष्ठभाग साफ असेल, तर डिस्क ठेवा. २०.२ आली तर ती आज मर्यादेत आहे, पण नवे पॅड संपेपर्यंत मर्यादेखाली जाईल. अशा वेळी बदला म्हणणं रास्त आहे. मध्ये खोल चरे, तडे किंवा उष्णतेने पडलेले निळे डाग असतील तर जाडी चांगली असूनही बदलावी लागते. डिस्कच्या काठावर उभी राहिलेली गंजाची कड मात्र एकटीच कारण ठरत नाही. तिथे पॅड पोचतच नाही.

ब्रेक दाबल्यावर पेडल थरथरत असेल तर 'डिस्क वाकली' असं सांगतात. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिची जाडी सगळीकडे सारखी उरलेली नसते. जाडी सहा-आठ ठिकाणी मोजली की फरक दिसतो. हबवर गंज साचला असेल तर नवी डिस्कही तिरकी बसते आणि थरथर परत येते. म्हणून हब साफ करणार का, हे विचारून ठेवा.

पॅड आणि डिस्क एका ॲक्सलच्या दोन्ही बाजूंना एकत्र बदलतात. ते जादा काम नाही, तसंच करायचं असतं.

ब्रेक ऑइल बदलायची गरज असते का?

असते. डॉट ३ आणि डॉट ४ या प्रतींचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो. त्यात ३.७ टक्के पाणी मुरलं की किमान मर्यादा १५५ वर येते. लांब घाट उतरताना ब्रेक तापले तर ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे होतात आणि पेडल खाली जातं. अनेक कंपन्या दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात. तुमच्या पुस्तिकेतली मुदत बघा आणि हे काम लांबणीवर टाकू नका.

चेक इंजिन लाइट लागला. स्कॅनरवर कोड आला म्हणून सेन्सर बदला म्हणतात. मानायचं का?

कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. गाडीच्या संगणकाला कुठला आकडा अपेक्षेबाहेर दिसला, एवढंच कोड सांगतो. तो का तसा दिसला हे शोधणं म्हणजे निदान.

पी ०४२० चा अर्थ कॅटॅलिटिक कन्व्हर्टरची (एक्झॉस्टमधला धूर शुद्ध करणाऱ्या भागाची) कार्यक्षमता मर्यादेखाली दिसते. कन्व्हर्टर महागडा असतो. पण एक्झॉस्टची गळती, मागचा ऑक्सिजन सेन्सर किंवा त्याची वायरिंग यांमुळेही हाच कोड येतो. कन्व्हर्टर खरोखर गेला असला तरी तो कशाने गेला हा प्रश्न उरतोच. इंजिन मिसफायर करत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नसेल) किंवा तेल जाळत असेल आणि ते दुरुस्त न करता नवा बसवला, तर तोही त्याच वाटेने जातो.

पी ०१७१ म्हणजे मिश्रणात इंधन कमी, हवा जास्त. कारण फाटलेला व्हॅक्यूम पाइप असू शकतो, मळलेला एअरफ्लो सेन्सर असू शकतो किंवा कमी पडणारा इंधनाचा दाब. स्मोक टेस्टमध्ये, म्हणजे पाइपांत धूर सोडून केलेल्या चाचणीत, गळती धुरासकट डोळ्यांना दिसते. ती न करता सेन्सर बदलणं म्हणजे अंधारात दगड मारणं.

पी ०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र कॉइल (स्पार्क प्लगला वीज देणारी) असलेल्या इंजिनात पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावतात. कोड पी ०३०२ झाला तर कॉइल खराब. पहिल्यावरच राहिला तर स्पार्क प्लग, इंजेक्टर, कॉम्प्रेशन तपासायचं. एवढी साधी चाचणी झाली होती का, हे विचारायला संकोच करू नका.

डीलरला तीन गोष्टी विचारा: पूर्ण कोड कोणता, कोडसोबत साठवलेल्या फ्रीझ फ्रेममध्ये त्या क्षणाचे कोणते आकडे आहेत, आणि हा पार्ट खराब आहे हे कुठल्या चाचणीने सिद्ध झालं. तिसऱ्याला उत्तर नसेल तर पार्टला मंजुरी देऊ नका, निदानाला द्या.

पण निदानाचे वेगळे पैसे घेतात. ते का द्यायचे?

कारण तीच खरी कारागिरी आहे. सर्किट तपासत, दाब मोजत बसलेल्या माणसाचा तास बोल्ट फिरवणाऱ्याच्या तासाइतकाच खरा आहे. फक्त आधी ठरवून घ्या: निदानाला जास्तीत जास्त किती तास, निष्कर्ष लेखी मिळणार का, आणि काम तिथेच केलं तर हे पैसे वळते होणार का. पाच मिनिटं स्कॅनर लावून कोड वाचणं हे मात्र निदान नव्हे, त्याला पूर्ण तास लावू नये.

'बॅटरी गेली, अल्टरनेटरही गेला' असं सांगितलं. कसं पडताळायचं?

साध्या मल्टिमीटरने घरीच कळतं. गाडी काही तास बंद ठेवून बॅटरीवर मोजा. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. मग इंजिन सुरू करून मोजा. सर्वसाधारण गाडीत १३.८ ते १४.७ च्या दरम्यान आकडा आला तर अल्टरनेटर चार्ज करतोय. नव्या गाड्यांत संगणक चार्जिंग कमी-जास्त करतो, म्हणून तिथे एका आकड्यावर निकाल देता येत नाही, स्कॅनर जोडून बघावं लागतं.

उतरलेली बॅटरी आणि मेलेली बॅटरी यांत फरक आहे. पूर्ण चार्ज करून लोड टेस्ट (भार देऊन केलेली चाचणी) घेतल्याशिवाय बॅटरी बाद ठरवू नये. चाचणी यंत्र छापील चिठ्ठी देतं, ती मागा. दोन्ही चांगले असूनही गाडी सकाळी उठत नसेल तर बंद गाडीत करंट कुठे गळतोय ते शोधायला सांगा. गाडीतले सगळे मॉड्यूल (छोटे संगणक) झोपल्यावर साधारण ५० मिलिअँपिअरपेक्षा जास्त ओढ नसावी.

एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो का?

नाही. एसीची यंत्रणा बंदिस्त असते. रबरी पाइप आणि सीलमधून वर्षानुवर्षं अगदी थोडा गॅस झिरपतो, पण एका मोसमात थंडावा गेला तर गळती आहे. तुमच्या गाडीला किती ग्रॅम गॅस लागतो ते बोनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं. मशिनने आधी उरलेला गॅस काढून तोलायचा, मग सुमारे अर्धा तास व्हॅक्यूम लावून तो टिकतो का बघायचं आणि नंतर स्टिकरवरच्या वजनाइतकाच गॅस भरायचा. काढलेल्या आणि भरलेल्या गॅसचं वजन बिलावर मागा. ५०० ग्रॅमच्या यंत्रणेतून ४८० ग्रॅम निघाला असेल तर 'गॅस कमी होता' हे निदान तिथेच खोटं ठरतं.

आवाज येतो म्हणून सगळं सस्पेन्शन बदला म्हणतात.

पुढून येणारी खटखट अनेकदा स्टॅबिलायझरच्या (वळणावर गाडीचा कल रोखणाऱ्या दांड्याच्या) लिंक रॉडची निघते, आणि सस्पेन्शनमधल्या स्वस्त पार्टांत तो गणला जातो. म्हणून गाडी लिफ्टवर घ्यायला लावा आणि कुठला सांधा सैल आहे तो पहार लावून समोर हलवून दाखवायला सांगा. शॉकअबवर नुसता धूळ चिकटलेला तेलाचा ओलसर थर असेल तर तेवढ्याने तो बाद होत नाही. तेल ओघळत असेल, किंवा गाडी दाबून सोडल्यावर डोलत राहत असेल, तर बदला. शॉकअब जोडीने बदलतात आणि पुढचे बदलल्यावर अलाइनमेंट लागतं. ते एस्टिमेटमध्ये नसेल तर नंतर वाढणार हे धरून चाला.

वेगाबरोबर वाढणारी घूंघूं, जी वळणावर एका बाजूला वाढते आणि दुसऱ्या बाजूला कमी होते, ती बहुधा व्हील बेअरिंगची असते.

इंजिन फ्लश, इंजेक्टर क्लीनिंग, थ्रॉटल क्लीनिंग, एसी सॅनिटायझेशन – हे सगळं हवं का?

पुस्तिकेतल्या देखभालीच्या तक्त्यात नाव असेल तर हवं. नसेल तर लक्षण दाखवा म्हणा. आयडलिंग वरखाली होत असेल तर थ्रॉटल साफ करणं योग्य. काहीच त्रास नसताना सर्व्हिसला जोडून दिलेलं पॅकेज सरळ नाकारा. एस्टिमेट झटकन हलकं करायचं असेल तर सुरुवात इथून करा.

पार्टची किंमत रास्त आहे हे कसं बघायचं?

पार्ट नंबर घ्या आणि तो नंबर दुसऱ्या अधिकृत विक्रेत्याकडे विचारा. नाव सांगून विचारू नका. एकाच मॉडेलमध्ये इंजिन आणि वर्षाप्रमाणे तीन-तीन प्रकारचे पॅड असतात.

गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला पार्ट बरेचदा बॉश, डेन्सो, व्हॅलिओ, झेडएफ अशा पुरवठादारांनी बनवलेला असतो. तोच पुरवठादार स्वतःच्या खोक्यात तसाच पार्ट सहसा स्वस्त विकतो. फिल्टर, पॅड, बेल्ट, बेअरिंग यांत हा पर्याय निर्धास्त घ्यावा. एअरबॅग, सेन्सर आणि संगणकाशी जोडलेल्या मॉड्यूलमध्ये कंपनीचाच पार्ट बरा. अल्टरनेटर, स्टार्टर आणि स्टीअरिंग रॅक नूतनीकरण केलेले मिळतात. तिथे जुना पार्ट परत दिल्यावर काही रक्कम सुटते, ती बिलात वजा झाली का बघा.

अख्खी असेंब्लीच बदलायची म्हणतात. आतला छोटा पार्ट मिळत नाही का?

विचारण्यासारखा प्रश्न आहे. लोअर आर्मचा बुश (सांध्यातला रबरी भाग) फाटला तर काही गाड्यांत नुसता बुश प्रेसवर बसवता येतो, काहींत कंपनी फक्त पूर्ण आर्म देते. प्रेसच्या मजुरीत आर्मचे पैसे निघत असतील तर आर्मच घ्या, बॉल जॉइंटही नवा मिळतो.

कोणतं काम आजच करायचं, कोणतं पुढे ढकलता येतं?

डीलरला प्रत्येक ओळीपुढे 'आज', 'तीन महिन्यांत', 'पुढच्या सर्व्हिसला' असं लिहून द्यायला सांगा. ब्रेक, स्टीअरिंग, बॉल जॉइंट, १.६ मिलिमीटरच्या खुणेपर्यंत घासलेले टायर, कूलंटची गळती आणि इंधनाची गळती यांना थांबायचं नसतं. टायमिंग बेल्टची मुदत किलोमीटर आणि वर्षं या दोन्हींत असते, जे आधी संपेल ते धरायचं. अनेक इंजिनांत बेल्ट तुटला की पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात आणि इंजिनचं हेड (वरचा भाग) खोलावं लागतं. म्हणून गाडी कमी फिरली तरी वर्षं मोजा. व्हॉल्व्ह कव्हरपाशी नुसता ओलसरपणा असेल तर तेलाच्या पातळीवर लक्ष ठेवून थांबता येतं.

दुसरं मत कसं घ्यायचं?

दुसऱ्या गॅरेजला पहिलं एस्टिमेट दाखवू नका. फक्त लक्षण सांगा: आवाज कधी येतो, थंड इंजिनवर की गरम, किती वेगाला, वळताना की ब्रेक दाबताना. दोघांचं निदान जुळलं तर मगच दर ताडून बघा. तुलना करताना तास, पार्टचा प्रकार आणि वॉरंटी सारखी आहे का बघा. स्वस्त वाटणाऱ्या एस्टिमेटमध्ये अलाइनमेंट, कूलंट किंवा गॅस्केट धरलेलंच नसतं, असं बरेचदा निघतं.

डीलरकडेच काम करणं कधी बरं?

गाडी वॉरंटीत असेल, किंवा त्या दोषावर कंपनीने रिकॉल (दोष फुकट दुरुस्त करण्यासाठी गाड्या परत बोलावणं) काढला असेल तर. १७ अक्षरी चासिस नंबर देऊन आधी तेच तपासून घ्या, काम फुकट होत असताना एस्टिमेटवर चर्चा कशाला? इमोबिलायझर (चोरीविरोधी यंत्रणा), किल्ली, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं सॉफ्टवेअर, नवं मॉड्यूल कोड करणं, हेही कंपनीच्या उपकरणांशिवाय अवघड आहे. वॉरंटी नुकतीच संपली असेल आणि सर्व्हिसचा इतिहास पूर्ण असेल तर कंपनीकडून काही वाटा मिळेल का, हे सर्व्हिस मॅनेजरमार्फत लेखी विचारा.

गाडी खोलल्यावर आणखी काम निघालं असा फोन आला तर?

फोटो किंवा व्हिडिओ मागा, मोजमाप मागा आणि सुधारित एस्टिमेट लेखी मागा. फोनवर 'ठीक आहे, करा' म्हणू नका. गाडी देतानाच जॉब कार्डवर (कामाच्या नोंदीच्या कागदावर) 'लेखी मंजुरीशिवाय जादा काम करू नये' असं लिहून सही केलेली असली की हा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

गाडी परत घेताना काय तपासायचं?

जुने पार्ट गाडीत ठेवा, असं काम सुरू होण्यापूर्वीच सांगितलेलं असावं. काढलेल्या जुन्या पॅडची उरलेली जाडी स्वतः बघा. परत द्यायच्या असेंब्लीचा किमान फोटो घ्या. बिलावरचे पार्ट नंबर एस्टिमेटशी आणि शक्य असेल तिथे नव्या खोक्याशी जुळवा. मग पैसे भरण्याआधी डीलरच्या सर्व्हिस ॲडव्हायझरला शेजारी बसवून, ज्या रस्त्यावर आणि ज्या वेगाला तक्रार होती, तिथेच गाडी चालवून बघा. आवाज तसाच असेल तर ते तिथल्या तिथे जॉब कार्डवर लिहून घ्या.